सोमवारी उघडून देते

प्रिय वायर,

तुझे सगळे निरोप पोचले. फोनवरचे पोचले, आमच्या विभागाच्या मॅडमच्या तोंडी पाठवलेला पोचला, आणि मागच्या आठवड्यात तू स्वतः दारात उभी होतीस तेव्हा मी घरातच होते. बेल तूच वाजवतेयस हे लगेच कळलं, कारण एकदा बटण दाबलं की तुझं बोट तिथून हलत नाही. मी भांडी घासत होते. नळ बंद केला आणि तू जिना उतरेपर्यंत साबणाच्या हातांनी तशीच उभी राहिले. तुझ्याशी यापुढे एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि मनातून आजही तेच आहे. तरी लिहितेय. का, ते कळेलच. पण लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते, कारण त्या सोमवारी माझ्याकडे काय झालं हे तुला अजून कुणीच सांगितलेलं नाही.

तुझीमाझी ओळख टेबलाखाली झाली, आठवतं? मी विमा कंपनीच्या दावे विभागात नवीन होते. दिवसभर लोकांच्या चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि कुणाचा दावा खरा, कुणाचा फुगवलेला, ते ठरवायचं. त्या काळात प्रत्येकाच्या टेबलाखाली कॉम्प्युटरचा भला मोठा डबा असायचा, घरघर करणारा, आणि थंडीत आम्ही बायका चपला काढून त्याला पाय लावून बसायचो. एका सकाळी माझा डबा बंद पडला आणि कॉम्प्युटर विभागातून तू आलीस. दोन्ही खिशांतून वायरी लोंबत होत्या, काखेत टॉर्च. सरळ टेबलाखाली शिरलीस आणि खालून म्हणालीस, "पाय वर घ्या मॅडम, नाहीतर तुम्हालाच प्लगमध्ये घालीन." मी इतक्या मोठ्याने हसले की सगळा मजला वळून बघायला लागला. तेव्हापासून तू वायर. आणि घरी बाबा मला ठमी म्हणतात हे तू दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतलंस.

मग सगळ्यांच्या हातात ते स्मार्टफोन आले. ऑफिसात सुरुवात मोठ्या साहेबांनी केली. त्यांच्या मुलीने त्यांना नवा फोन घेऊन दिला आणि नवजात बाळ दाखवावं तसे ते तो तळहातावर घेऊन मजलाभर हिंडले. "घरी बोट लावलं की काम होतं. इथे बटण दाबून माणूस चहा पिऊन येतो तरी स्क्रीन आपली झोपलेलीच!" असं तुला सगळ्यांदेखत म्हणाले. त्या दिवशी तू जेवणाचा डबा तसाच घरी नेलास. तुझ्या विभागाने कोटेशनं मागवून, वर्षभर घासाघीस करून घेतलेल्या यंत्रांपेक्षा चांगलं यंत्र टपाल वाटणाऱ्याच्या खिशात होतं, हे तुला फार लागलं होतं. आधी तू अडवलंस. घरचे फोन ऑफिसात चालणार नाहीत अशी नोटीस लावलीस. लोकांनी त्या नोटिशीचाच फोनवर फोटो काढून एकमेकांना पाठवला. शेवटी तूच हात टेकलेस. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणालीस, "ठमे, यांना अडवण्यात अर्थ नाही. त्यांचे फोन आत घ्यायचे आणि वरून आपलं कुलूप लावायचं." मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

डबे गेले तेव्हा टेबलाखाली धुळीचे चौकोन तेवढे उरले. त्यांच्या जागी पातळ स्क्रीन आल्या. माझा कॉम्प्युटर कुठे गेला, असं मी विचारल्यावर तू समजावलंस: लांब कुठेतरी एका थंडगार इमारतीत मोठमोठी यंत्रं आहेत, त्यांतल्या एकाच्या पोटात माझा कॉम्प्युटर आहे, म्हणजे खराखुरा नव्हे, त्याचा भास. सकाळी मी पासवर्ड टाकला की तो उभा राहतो, संध्याकाळी बंद केला की मोडून टाकतात. मी म्हटलं, "पगार तरी खरा देणार ना?" तू पोट धरून हसलीस. आणि खोटं कशाला बोलू, चांगलं चाललं होतं. काही बंद पडत नव्हतं. कुठल्याही टेबलावर बसा, घरी बसा, स्वतःच्या फोनवर उघडा, अर्धवट टाकलेलं काम जिथल्या तिथे सापडायचं. मग हळूच टेबलंही गेली. कॉम्प्युटर कुणाचाच नाही तर टेबल तरी कुणाचं कशाला, असं वरून आलं. माझ्या खणातला संसार, डोकेदुखीच्या गोळ्या, सुईदोरा, जादाची चप्पल, सगळा एका पिशवीत भरून मी घरी आणला. जो लवकर येईल त्याला खिडकीजवळची जागा. आमच्या मॅडमना तर एकदा खुर्चीच मिळाली नाही, प्रिंटरपाशी उभ्या उभ्याच त्या मीटिंगला बसल्या. काय हसलो होतो आपण! ज्यांची कुठेच बैठक नाही त्यांना उठवणं किती सोपं जातं, हे तेव्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. निदान माझ्या तरी नाही.

बाबांच्या घशात गाठ निघाली तेव्हा या सगळ्याचे मी आभारच मानले. बाबांना तू ओळखतेस. उभं आयुष्य भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात गेलं त्यांचं. भोंग्याशिवाय बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. जरा हळू बोला म्हटलं की गरजायचे, "हे हळूच आहे!" तू पहिल्यांदा घरी आलीस तेव्हा बोलता बोलता कळलं की तुझे वडील तू लहान असतानाच गेले. बाबा त्या दिवसापासून तुला धाकटी म्हणायला लागले. जिन्यात तुझी पावलं वाजली की वरूनच ओरडायचे, "धाकटी आली, चहा वाढवा!" खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या, तुमच्याकडे कोण आलं हे आम्हाला तुमच्याआधी कळतं.

डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जगतील, पण बोलणार नाहीत. तेव्हा तू माझ्या फोनवर ऑफिसचं ॲप टाकून दिलंस, म्हणून मी हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात बसून काम करू शकले, रजेसाठी कुणाच्या पाया पडावं लागलं नाही. ॲप टाकताना तू म्हणालीस, अख्खा फोनच ऑफिसच्या ताब्यात नोंदवावा लागतो, ग्राहकांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून. स्क्रीनवर न संपणारा मजकूर आला, तू तो सरसर वर ढकललास आणि म्हणालीस, "इथे बोट लाव." मी लावलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या दिवशी तू मदतच करत होतीस.

वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी तो उपाय सुचवला. फोनवर एक ॲप घ्यायचं, ऑपरेशनआधी बाबांनी त्यात शेकडो वाक्यं बोलून ठेवायची, ती सगळी त्या ॲपवाल्या कंपनीकडे पाठवायची. मग बाबांच्याच आवाजाचा साचा तयार होतो, आणि पुढे त्यांनी फोनवर काहीही लिहिलं तरी फोन ते त्यांच्या आवाजात बोलतो. आम्ही आतल्या खोलीच्या खिडकीला जाड चादरी लावल्या, पंखा बंद केला. आई दाराबाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसायची आणि जिन्यातून येणाऱ्याजाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून गप्प करायची. कंपनीने दिलेली वाक्यं एकेक भन्नाट. "जांभळ्या टोपीतला माणूस पुलावरून धावत गेला." बाबा थांबून मला विचारायचे, "का धावला? बायको मागे लागली होती?" आम्ही हसलो की वाक्य वाया, पुन्हा पहिल्यापासून. घसा दुखायचा, कोमट पाणी पिऊन पुन्हा सुरू. नेमून दिलेली वाक्यं संपल्यावर त्यांनी आपली स्वतःची सांगितली. आईला, "अगं, इकडे ये जरा." मला, "ठमे, जेवलीस का?" तुझंही होतं त्यात, चहा वाढवायचं. आणि शेवटी, मी पुरे पुरे म्हणत असताना, उभे राहून टोमॅटोचा एक अख्खा लिलाव पुकारला, पहिल्या बोलीपासून माल सुटेपर्यंत. दार उघडलं तेव्हा आई खुर्चीत नव्हती. जिन्याच्या पायरीवर काकूंच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती.

मग मी पाठवायचं बटण दाबलं. फोनने नकार दिला. आपल्या संस्थेने याची परवानगी दिलेली नाही, असं म्हणाला. दुसऱ्या फोनवर उतरवू गेले, नाही. वायर लावून घरच्या कॉम्प्युटरवर घेऊ गेले, नाही. माझ्या बापाचा आवाज, माझ्या फोनमध्ये, आणि तो बाहेर काढायला ऑफिसची मंजुरी! मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "अगं एवढंच ना? तुझ्या फोनपुरती सूट टाकावी लागते, वरून होकार आला की उघडून देते." मी निर्धास्त झाले. वाक्यं तर भरून झाली होती, पाठवायला चार दिवस उशीर झाला म्हणून ती कुठे पळणार होती? बुधवारी बाबांचं ऑपरेशन झालं.

शुक्रवारी तू त्यांना बघायला आलीस. गळ्यातल्या नळीकडे तू बघत नव्हतीस. तुला पाहून बाबांनी सवयीने तोंड उघडलं आणि नळीतून नुसती हवा आली. तू त्यांचा हात दोन्ही हातांत धरलास आणि तुझे डोळे भरले. मग आपण खाली चहाच्या मशीनपाशी गेलो. मी तुला सगळं सांगितलं, जांभळी टोपी, टोमॅटो, सगळं. हसत हसत सांगितलं. तू कागदी कपाची कड नखाने उलगडत होतीस. मी म्हटलं, "तेवढं कुलूप काढ गं आता." आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "सोमवारी उघडून देते." मला वाटलं, बाबांना तसं बघून तू हलली आहेस.

सोमवारी सकाळी मी वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून एका दाव्याचे फोटो बघत होते. स्क्रीन काळी झाली. मला वाटलं बॅटरी गेली. मग फोन आपोआप सुरू झाला, आणि पांढऱ्या पडद्यावर एकेका भाषेत नमस्कार यायला लागला, दुकानातून आणलेल्या दिवशी आला होता तसा. भाषा निवडा, म्हणाला. मी निवडली. आपलं नाव सांगा, म्हणाला. सांगितलं. आत काही नव्हतं. तेवढ्यात मॅडमचा फोन आला, त्या रडत होत्या. अख्खा दावे विभाग बंद केला होता. तीच कामं आता दुसरीकडची माणसं आपापल्या घरी बसून, त्याच लांबच्या यंत्रावर, आमच्या निम्म्या पगारात करणार होती. काढून टाकल्याचं पत्र प्रत्येकाला ऑफिसच्या ॲपमध्ये पाठवलं होतं आणि ते ॲप त्याच क्षणी फोनसकट पुसलं होतं, त्यामुळे आपल्याला काढलंय हेसुद्धा कुणाला धड वाचता आलं नाही. इतर वेळी मी यावर हसले असते. मी फक्त म्हणत राहिले, "मॅडम, माझ्या बाबांची वाक्यं. मॅडम, माझ्या बाबांची वाक्यं." त्यांना कळेना, मी काय बोलतेय.

त्यानंतर मी कुठे कुठे फिरले ते सांगत नाही. हरवलेला मजकूर परत काढून देणाऱ्या एका दुकानदाराने फोन उलटसुलट केला आणि म्हणाला, "ताई, चुकून पुसलेलं असतं तर काढून दिलं असतं. हे पुसायचं म्हणून पुसलंय." भावाच्या फोनमध्ये सहलीचा एक व्हिडिओ निघाला, त्यात बाबांचे मोजके शब्द आणि मागे गाण्यांचा गोंगाट. वाचाउपचाराच्या बाईंनी तो ऐकला आणि नकारार्थी मान हलवली. आता बाबा फोनवर लिहितात तेव्हा एका गुळगुळीत तरुण माणसाचा आवाज बोलतो, बातम्या देणाऱ्यासारखा. पहिल्यांदा त्या आवाजात "अगं, इकडे ये जरा" ऐकू आलं तेव्हा परका माणूस घरात शिरला म्हणून आई दचकली. बाबांनी तो आवाज कायमचा बंद केला. आता पाटीवर लिहितात. भांडणात हल्ली दर वेळी आई जिंकते, कारण ती पाठ फिरवते.

बाबांना मी सांगितलं, मशीनची चूक झाली. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. मग ओळखपत्र परत करायला ऑफिसात गेले. मजला रिकामा, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. मोठ्या साहेबांच्या सेक्रेटरीने कार्ड घेतलं आणि सहज म्हणाली, "तुला तर आधीच ठाऊक असेल ना? फोन पुसायची वेळ तुझ्या मैत्रिणीनेच गुरुवारी लावून ठेवली होती. तुमची तर एवढी गट्टी!" मी तिला विचारलं, गुरुवारी की शुक्रवारनंतर? ती म्हणाली, गुरुवारी, नक्की, कारण त्यानंतरच साहेब निवांतपणे घरी गेले. म्हणजे वायर, तू बाबांचा हात धरलास तेव्हा वेळ लावलेली होती. तू कपाची कड उलगडत होतीस तेव्हा वेळ लावलेली होती.

तू लिहिलंस, सक्त ताकीद होती, सांगितलं असतं तर तुझी नोकरी गेली असती. मान्य. विभाग बंद होणार हे तू मला सांगायला हवं होतंस, असं मी म्हणतच नाही. तू नुसतं ते कुलूप काढायचंस. कपातला चहा निवायच्या आत झालं असतं. साहेबांच्या मुलीच्या लग्नाची आमंत्रणं छापायला तू सुट्टीच्या दिवशी अख्खा मजला उघडून दिला होतास, तेव्हा कुणाची मंजुरी होती? बरं, कुलूपही राहू दे. एवढंच म्हणायचंस की ठमे, आज घरी जा आणि ती वाक्यं मोठ्याने वाजवून दुसऱ्या फोनवर भरून घे. खरखरीत आली असती, ॲपवाल्या कंपनीला चालली नसती. पण बाबा घरात राहिले असते. मला का नाही सुचलं, असं मी स्वतःला शंभरदा विचारलं. सुचायचं कारणच नव्हतं. माझ्याकडे तुझा सोमवार होता.

तुझाही विभाग आता गेला म्हणे. बाहेरची कुठली कंपनी लांबूनच सगळं सांभाळणार. ऐकलं तेव्हा मला आनंद झाला, लपवत नाही. संध्याकाळपर्यंत टिकला. तुझाही फोन त्यांनी पुसला का, असा विचार मनात आला. मग वाटलं, तू आदल्या दिवशीच सगळं काढून ठेवलं असशील. तुला वेळ माहीत असते.

हे पत्र बाबांसाठी लिहितेय. त्या दिवशी बेल वाजवून तू खाली रस्त्याने परत जाताना त्यांनी तुला खिडकीतून पाहिलं. पाटी माझ्यासमोर धरली, "धाकटीला वर का नाही घेतलं?" मी काहीतरी थाप मारली. तेव्हापासून रोज तेच लिहितात. त्यांना वाटतं, आमचा विभाग गेला आणि मशीनने घोटाळा केला याची लाज वाटून तू येत नाहीस. "तिचा काय दोष? तिला सांग, मला भेटायचंय." खरं काय ते मी त्यांना सांगितलेलं नाही. दोनदा सांगायला बसले, पण शब्द फुटला नाही. आमच्या घरात आता मुकी माणसं दोन झाली आहेत. तर रविवारी संध्याकाळी ये. मी दार उघडीन, चहा करून ठेवीन आणि आईला घेऊन बाहेर पडेन. शुक्रवारचं त्यांना सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. नाही सांगितलंस तर ते तुझ्या डोक्यावर हात ठेवतील, आणि तो तुला ठेवून घ्यावा लागेल. सांगितलंस तर ओरडणार नाहीत, ते तू आणि तुझ्या कंपनीने आधीच बघून ठेवलंय. लिहितील. हल्ली त्यांचा हात थरथरतो, एकेका अक्षराला वेळ लागतो. ते लिहून होईपर्यंत उठू नकोस.

सवयीने 'तुझीच' लिहिणार होते. त्यातला 'च' राहू दे.

तुझी,
ठमी